ग्रहणाच्या कोजागिरीला गच्चीवर ४८ जण

दिवाळीचा फराळ सुरू व्हायच्या आत हे लिहून काढते, नाहीतर राहूनच जाईल. यंदाच्या कोजागिरीला, म्हणजे २८ ऑक्टोबर २०२३ च्या शनिवारी, आम्ही नागपुरातल्या आमच्या स्कीमच्या, म्हणजे सोसायटीच्या, गच्चीवर चंद्राची पार्टी केली. चौदा घरं, अठ्ठेचाळीस माणसं, त्यात सगळ्यात लहान अडीच वर्षांची आणि सगळ्यात मोठ्या म्हणजे चौऱ्याऐंशीच्या आजी. मी याआधी घरच्या वाढदिवसाच्या पलीकडे काही केलं नव्हतं, त्यामुळे महिनाभर पोटात गोळा होता. कोणाला पुढच्या वर्षी करायचं असेल तर बघा काही उपयोग होतो का.

सुरुवात पोट्ट्यांनी केली. २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं तेव्हा आमच्या खालच्या पार्किंगमध्ये कोणीतरी टीव्ही आणून लावला होता, सगळे उभ्यानेच बघत होते, आणि तेव्हापासून मुलांचं एकच, की यंदा कोजागिरी चंद्राचीच करायची. मी म्हटलं कोजागिरी असते चंद्राचीच, तर माझा मुलगा म्हणे, "नाही आई, तुम्ही दूध पिता अन् गप्पा मारता, वर कोणीच पाहत नाही." ते मला लागलं, कारण खरंच होतं.

मग २३ सप्टेंबरचा तो पाऊस झाला. नागपूरकरांना सांगायला नको. पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं. पाण्याची मोटर गेली, लिफ्ट बंद पडली, दोन गाड्या गेल्या. सोसायटीचा होता नव्हता तो फंड त्यातच संपला. १ ऑक्टोबरच्या रविवारी मीटिंग झाली तेव्हा सेक्रेटरी काकांनी स्पष्टच सांगितलं, की यंदा सोसायटीकडून एक रुपया निघणार नाही, करायचं तर वर्गणीतून करा. काही लोकांचं म्हणणं होतं की इतकं नुकसान झाल्यावर काऊन करून राहिले हे. मला मात्र वाटत होतं की त्या रात्री अंधारात सगळ्यांनी एकमेकांचं सामान जिन्यावरून वर नेलं, त्यानंतर परत आपापली दारं बंद करून बसण्यापेक्षा एकदा सगळे वर गच्चीवर बसू. मी हे मीटिंगमध्ये बोलले, आवाज थोडा कापत होता. घरटी ५०० ठरले. चौदा घरांचे ७,०००.

त्याच रात्री सासूबाईंनी भिंतीवरचं पंचांग काढून माझ्यासमोर ठेवलं. "तारीख पाहिली का? ग्रहण आहे त्या दिवशी."

मी खरंच पाहिलं नव्हतं. खंडग्रास चंद्रग्रहण, आपल्याकडे दिसणारं. स्पर्श म्हणजे सुरुवात रात्री १ वाजून ५ मिनिटांनी, मध्य १.४४ ला, मोक्ष म्हणजे शेवट २.२४ ला. म्हणजे इंग्रजी तारीख २९ लागलेली, पण रात्र कोजागिरीचीच. आणि चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर आधी लागतात, म्हणजे दुपारी चारपासून ज्यांना पाळायचंय ते काही खाणार-पिणार नाहीत. कोजागिरी, आणि दूध प्यायचं नाही! ग्रुपवर टाकल्याबरोबर शंभर मेसेज. कोणी म्हणे आदल्या दिवशी करू, पण २७ च्या रात्री चतुर्दशी, पौर्णिमा लागत होती २८ च्या पहाटे. कोणी म्हणे हे सगळं थोतांड आहे, जुन्या लोकांना समजावून सांगा. कोणी म्हणे मग रद्दच करा. दोन दिवस मला नीट झोप नव्हती.

शेवटी मी ग्रुपवर बोलणं थांबवलं आणि एकेका घरी गेले. हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. चौदा घरं, दोन संध्याकाळी. तेव्हा कळलं की वेध पाळणारे एकूण सातच जण आहेत, आणि त्यातल्या एकालाही इतरांनी पाळावं असं वाटत नाही. चौऱ्याऐंशीच्या आजी तर म्हणाल्या, "मी बसते ना बाई तुमच्यात, माझ्या तोंडात घास घालू नका म्हणजे झालं." तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला सातवा महिना होता, तिच्या घरचे तिला ग्रहणात बाहेर पडू देणार नव्हते. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की ताई, मला स्वतःला काही वाटत नाही, पण आई रात्रभर काळजी करत बसतील, मी एक वाजता खाली जाईन. मी तिला आग्रह केला नाही. तिचं ती ठरवेल. असं आमचं ठरलं: दूध आटवायचं बारापर्यंत, ज्यांना चालतं त्यांनी चंद्र डोक्यावर आला की प्यायचं. आणि तीन लिटर कच्चं दूध तुळशीचं पान घालून फ्रिजमध्ये वेगळं ठेवायचं, मोक्ष झाल्यावर ते तापवायचं, त्या सात जणांसाठी.

आता परवानग्या. गच्चीसाठी सोसायटीला साधा अर्ज दिला: तारीख, वेळ संध्याकाळी ५ ते पहाटे ४, अंदाजे माणसं, जबाबदार व्यक्ती म्हणून माझं आणि अजून एका घराचं नाव, आणि भट्टी कोणत्या कोपऱ्यात लागेल ते. सेक्रेटरी काकांनी त्यावर लिहून दिलं की कठड्याजवळ लहान मुलं एकटी नकोत आणि टाकीची शिडी बांधून ठेवायची. दोन्ही मुद्दे बरोबर होते. स्पीकरसाठी मी १२ तारखेला पोलीस ठाण्यात गेले. अर्ज, सोसायटीचं पत्र आणि आधारची झेरॉक्स लागते म्हणाले, माझ्याकडे पत्र नव्हतं, परत आले. नंतर नवरात्र, मग २४ ला दसरा आणि दीक्षाभूमीचा बंदोबस्त, त्यामुळे तिथल्या माणसाने सांगितलं की मॅडम दसरा होऊन जाऊ द्या. २५ ला पुन्हा गेले, दीड तास बसले. तेव्हा समजलं की परवानगी मिळाली तरी रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंदच ठेवावा लागतो, नियमच आहे तो. आपला कार्यक्रम तर दहानंतरच रंगणार. मग मी अर्जच दिला नाही. स्पीकर भाड्याने घेतला नाही, गाणी म्हणायची ती तोंडाने म्हणू असं ठरवलं. दोन चकरा आणि झेरॉक्स मिळून चाळीस रुपये आणि एक अर्धी रजा गेली. तुम्ही कोजागिरी करणार असाल तर स्पीकरच्या मागे लागण्याआधी आपला कार्यक्रम किती वाजता आहे ते बघा.

खरेदीला इतवारीत गेले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे नको त्या दिवशी. गर्दीत पाय ठेवायला जागा नव्हती. पण सुकामेवा तिथे सुटा आणि ताजा मिळतो. बदाम, काजू, पिस्ते, चारोळी, वेलची, एक ग्रॅम केशर, जायफळ, साखर, सगळं मिळून १,६००. चारोळी थोडीच घ्या पण घ्या, ती दातात आली की दुधाची चवच वेगळी लागते. बिछायत केंद्रातून सहा गाद्या, सतरंज्या, मोठी कढई, दोन गंज (मोठी पातेली) आणि शेगडी असे १,४००, वर डिपॉझिट ५०० जे परत मिळालं. दूध गवळ्याकडून ७० रुपये लिटरने पंधरा लिटर, त्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा, कोजागिरीला सगळ्यांनाच जास्त हवं असतं. आलुबोंडे बाहेरून, शंभर नग, १,५००. मातीचे कुल्हड ६० घेतले, ४८०, त्यातले चार फुटके निघाले.

मी एक चूक केली ती लाइटिंगची. फोटोत छान दिसेल म्हणून पांढऱ्या एलईडीच्या माळा ६०० ला ठरवल्या. २६ तारखेला रात्री ट्रायल म्हणून लावल्या आणि आकाशात बघितलं तर चंद्र असूनही नसल्यासारखा, गच्चीवर चांदणं पडलंय हेच कळेना. माळा काढल्या आणि दोन मिनिटांत फरशीवर आपल्या सावल्या दिसायला लागल्या. इतकी स्वच्छ सावली मी कितीतरी वर्षांनी बघितली असेन. माळा परत केल्या, ३०० कापून घेतले. जिन्याच्या पायऱ्यांवर आणि कठड्याच्या आत काचेच्या ग्लासात पणत्या ठेवल्या, तेवढं पुरतं. समोरच्या बिल्डिंगचा हॅलोजन सरळ आमच्या गच्चीवर येतो, तर त्यांच्या चौकीदाराला आणि सेक्रेटरींना दोन दिवस आधी भेटून आले, त्यांनी रात्री नऊनंतर बंद करायचं आनंदाने कबूल केलं. नुसतं विचारावं लागतं.

ड्रेसकोड पांढरा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या काकू आल्या, त्यांचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "पांढरंच का ग? मला नाही नेसवत." मला इतकं वाईट वाटलं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी लगेच ग्रुपवर लिहिलं की पांढरा, चंदेरी, निळा, जो आवडेल तो. काकू गडद निळ्या साडीत आल्या, मोत्यांची कुडी घालून, खूप सुंदर दिसत होत्या.

मुलांना मी १५ तारखेच्या रविवारी गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात घेऊन गेले, तारांगणाचा शो बघितला. परत येताना सगळ्यांनी ठरवलं की लँडर करायचा. फ्रिजच्या खोक्याचा लँडर आणि सोनेरी गिफ्ट पेपर, रोव्हरला सहा चाकं हवीत म्हणून सहा झाकणं. सजावट सगळी मिळून ४५० रुपयांत झाली, त्यात चंद्राच्या कला करायला क्रीमची बिस्किटंही आली. एका बाजूची बिस्किटं काढायची आणि चमच्याने क्रीम खरवडून प्रतिपदा ते पौर्णिमा आकार करायचे. हा प्रकार मुलांबरोबर नक्की करा, अर्धा तास शांत बसतात आणि कोर कोणत्या बाजूने वाढते हे त्यांना कायमचं लक्षात राहतं.

टेलिस्कोप माझ्या मैत्रिणीच्या भावाचा, तो शाळेत विज्ञान शिकवतो. त्याने फोनवरच सांगितलं होतं, की ताई, पौर्णिमा टेलिस्कोपसाठी चांगली नसते. सूर्यप्रकाश सरळ समोरून पडतो त्यामुळे खड्ड्यांच्या सावल्याच पडत नाहीत, सगळं सपाट आणि डोळे दिपवणारं दिसतं. खड्डे पाहायचे तर अष्टमीच्या आसपास बोलवा. मी थोडी हिरमुसले. पण तो म्हणाला की यंदा चंद्राच्या बाजूलाच गुरू आहे, आणि गुरूला त्याचे स्वतःचे चंद्र आहेत, ते दाखवू.

२८ ला सकाळपासून मी धावत होते. लिफ्ट अजून बंदच होती, गाद्या चार मजले डोक्यावरून. आमच्या विदर्भात कोजागिरीलाच भुलाबाईची, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणाची, समाप्ती असते, तर पाच वाजता मुली आणि काकवा ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून त्यात भुलाबाई-भुलोजी मांडून बसल्या. कॉटन मार्केटमधून धांडे आणायचं काम माझ्या दिरांनी केलं. गाणी झाली, खिरापत ओळखायचा खेळ झाला, खिरापत मुलांनीच खाल्ली. तोवर सूर्य मावळत होता आणि पूर्वेकडून चंद्र निघालाही होता, पण समोरच्या इमारतींमुळे आम्हाला दिसायला सव्वासहा झाले. दिसला तेव्हा मोठा, तांबूस. पाहताच पोट्टे इतके ओरडले की खालून रस्त्यावरचे लोक वर पाहायला लागले.

मग घरोघरच्या पहिल्या अपत्यांचं औक्षण. आजींनी त्यांच्या थोरल्या लेकाला ओवाळलं, ते काका स्वतः बासष्ट वर्षांचे. पाटावर मांडी घालून बसले, आईपुढे मान खाली. तेव्हा माझ्याच्याने फोटो काढवला नाही, नुसती बघत राहिले.

नऊला शेगडी पेटली. बारा लिटर दूध आटवायला मी दीड तास धरला होता, लागले अडीच. वरच्या वाऱ्यात आच टिकत नाही, तर शेगडीला तीन बाजूंनी पत्रा लावा. ढवळायला दोन माणसं पाळीने ठेवा, एक जण गप्पांत रमलाच तर खाली लागतं. आणि पावणेअकराला सिलिंडर संपला. दूध अर्धवट आटलेलं. तिसऱ्या मजल्यावरून भरलेला सिलिंडर दोन मुलांनी जिन्याने वर आणला. सिलिंडर नेताना वजन करून घ्या किंवा दुसरा आधीच वर आणून ठेवा, विशेषतः लिफ्ट नसेल तर.

तेवढ्या वेळात टेलिस्कोपवाल्या मास्तरांनी मुलांना एक संत्रं घेऊन बसवलं. आंबिया बहाराची संत्री नुकतीच आलेली, अजून हिरवट. ते म्हणाले ही पृथ्वी, आणि हा कंचा, ही गोटी, म्हणजे चंद्र, आता सांगा कंचा कुठे ठेवू. सगळ्यांनी संत्र्याच्या जवळच ठेवला, कोणी वीतभर, कोणी हातभर. त्यांनी कंचा उचलला आणि चालत चालत साडेसात फुटांवर नेऊन ठेवला. पृथ्वीचे तीस गोळे ओळीने मांडले तर चंद्रापर्यंत पोहोचतात. "आता कळलं चांद्रयानाला चाळीस दिवस काऊन लागले?" १४ जुलैला निघालं होतं, पोट्ट्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. मोठी माणसंही उठून बघायला आली. मग टॉर्च लावून संत्र्याची सावली कंच्यावर पाडून दाखवली, आणि दर पौर्णिमेला ग्रहण का नाही हेही, चंद्राची वाट थोडी तिरपी आहे, बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. चौऱ्याऐंशीच्या आजी गादीवरून म्हणाल्या, "म्हणजे यावेळी थोडासाच शिवणार." मास्तर म्हणाले, हो आजी, व्यासाचा जवळपास आठवा भागच.

गुरूपाशी टेलिस्कोपला रांग लागली. मी बघितलं तेव्हा एक छोटा पिवळसर गोळा आणि त्याच्या रेषेत बारीक ठिपके, सरळ ओळीत. तेही चंद्रच. मी दोनदा रांगेत उभी राहिले.

बाराच्या सुमारास चंद्र अगदी डोक्यावर होता. मान पूर्ण मागे टाकावी लागली. कुल्हडं भरली, आणि चंद्र डोक्यावर असल्याने आत वाकून बघितलं की प्रत्येकाच्या दुधात, सायीच्या कडेला, एक एक चमक. कोणी काही बोलत नव्हतं. माझ्या मुलाने हाक मारली, "आई, वर बघ", आणि सगळ्यांनी वर बघितलं.

एक वाजता सातव्या महिन्यातली ती खाली गेली, तिच्याबरोबर तिची जाऊ सोबतीला गेली, तिच्यासाठी आम्ही दर दहा मिनिटांनी फोटो पाठवत होतो. १.०५ ला काहीच कळलं नाही. १.२० च्या सुमारास दक्षिणेकडची कड मळल्यासारखी झाली, आणि पावणेदोनला स्पष्ट, भाकरीचा घास तोडावा तसा तुकडा गेलेला. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी चालतं, चष्माबिष्मा लागत नाही. सासूबाई आणि बाकीचे जपमाळ घेऊन एका गादीवर, मुलं दुसऱ्या गादीवर पालथी झोपून वर बघणारी, अर्धी झोपलेली. त्या दोन गाद्यांच्या मध्ये मी बसले होते. थंडी वाजायला लागली होती, पांघरुणं जास्त आणायला हवी होती.

२.२४ ला सासूबाई उठल्या, खाली जाऊन आंघोळ करून आल्या. सातही जण अंगावर पाणी घेऊन आले, आजींना त्यांच्या लेकाने आणि मास्तरांनी मिळून खुर्चीत बसवून परत वर आणलं. मी फ्रिजमधलं दूध काढलं, तुळशीचं पान बाजूला केलं, आणि धुतलेली कढई पुन्हा शेगडीवर ठेवली. आटवायला वेळ नव्हता, नुसतं उकळून केशर घातलं. तीन वाजायला आले होते. हिशोब मी दुसऱ्या दिवशी केला, ६,८२० खर्च, १८० उरले, ते लिफ्टच्या फंडात टाकले. पण तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं की चंद्र पुन्हा पूर्ण झालाय, पश्चिमेकडे उतरतोय, आणि आजी कुल्हड दोन्ही हातांनी धरून फुंकर मारताहेत.

"साखर कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि कुल्हड पुन्हा पुढे केला.